मुकादमिणीचं फडकं

"तिथं नाही. त्याच्या मागं."

"मागं भिंत आहे."

"भिंतीच्या अलीकडं आणि कपाटाच्या पलीकडं. बोटभर फट आहे बघा, त्यात."

"बोटभर फटीत माणूस शिरतो का?"

"माणूस कशाला शिरेल? धूळ शिरते. फडकं काठीला गुंडाळा आणि घाला आत."

मुकादमानं काठीला फडकं गुंडाळलं, गुडघे टेकले, गाल भिंतीला लावला आणि काठी आत सारली. काठी बाहेर आली तेव्हा तिच्या टोकाला उंदराएवढा राखाडी गोळा लटकत होता. मुकादमानं तो उजेडाला धरून बघितला. इतकी वर्षं एका घरात राहून आपली आणि याची कधी गाठ कशी पडली नाही, असा त्याचा चेहरा झाला.

"निघाला ना?" मुकादमिणीनं खुर्चीतून विचारलं.

"निघालं काहीतरी."

"आता तसंच दुसऱ्या बाजूनं."

मुकादमीण खोलीच्या मधोमध खुर्ची टाकून बसली होती. डोळ्यांवर बाजूनंसुद्धा झाकलेला काळा चष्मा, हनुवटी वर, हात मांडीवर. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन थोडेच दिवस झाले होते. त्या चष्म्यातून तिला खोली म्हणजे नुसता अंधूक आकार दिसत होता. पण कुठं काय साठलंय हे सांगायला तिला दिसायची गरज नव्हती.

लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून लोक तिला मुकादमीण म्हणत. नवरा समोरच्या खडी क्रशरवर मुकादम, म्हणून ही मुकादमीण. नवऱ्याच्या हाताखाली माणसं होती, डंपर होते, डोंगर खाऊन खडी ओकणारं अख्खं यंत्र होतं. हिच्या हाताखाली एक झाडू, एक सुपली आणि नवऱ्याच्या जुन्या बनियनांची फडकी. उभ्या जन्मात तिनं कुणावर मुकादमी केली नव्हती. आता ती आपण होऊन चालत आली होती, आणि बाई ती सोडायला तयार नव्हती.

घर होतं वळणावर. रस्ता तिथून डोंगराकडं चढतो, त्यामुळं भरलेला डंपर उतरताना तिथंच ब्रेक मारतो आणि रिकामा डंपर चढताना तिथंच गिअर बदलतो. दोन्ही वेळेला तो काहीतरी देऊन जातो. वर डोंगराच्या पोटात दगड फोडायचं काम चालायचं, दुपारी सुरुंग उडायचा, आणि सुरुंगाचा दगड क्रशरमध्ये पडायला लागला की चहा ओतून होईतो डोंगराची भुकटी घरात हजर.

मुकादमीण धुळीच्या दोन जाती मानायची. एक रस्त्याची, एक डोंगराची. रस्त्याची धूळ तपकिरी, जड, स्वभावानं गरीब. आली, बसली, झाडली की गेली. डोंगराची तशी नाही. ती राखाडी, पिठासारखी मऊ, कुलपाच्या भोकातून येणारी. ती बसत नाही, टेकते. तिच्या अंगावर झाडू उगारला की उठून दुसरीकडं जाऊन टेकते. कपाटावर फटके मारत सुटणाऱ्या बायांचं मुकादमिणीला हसू यायचं. म्हणायची, "ती काय साफ करते, ती धुळीला कपाटावरून उठवते आणि पलंगावर निजवते."

तिची रीत वेगळी. फडकं ओलं करायचं, पण इतकं पिळायचं की परत पिळलं तर थेंब पडता कामा नये. वरून खाली यायचं, खालून वर कधी जायचं नाही. घासायचं नाही, टेकवून उचलायचं. फडक्याची घडी प्रत्येक पुसण्याला उलटायची, आणि सगळ्या घड्या संपल्या की दुसरं फडकं. सुरुंगाच्या आधी गाद्यांवर चादरी, भांडी पालथी, पाण्यावर झाकण. सुरुंगानंतर त्या चादरी चारी टोकं आत घेऊन उचलायच्या आणि निजलेलं मूल न्यावं तशा अंगणाच्या टोकाला नेऊन सोडायच्या. हे रोज. पावसात धूळ कमी व्हायची, पण तेव्हा चिखल असायचा. तो तिच्या मते धुळीचाच थोरला भाऊ.

मुकादमाचं म्हणणं, घरात धूळ नाहीच. "कुठंय? मला तर दिसत नाही." आणि तो खोटं बोलत नव्हता. दिवसभर जो माणूस क्रशरच्या तोंडाशी उभा राहतो, त्याला घरातली हवा धुवून वाळत घातलेली वाटणार. संध्याकाळी यायचा, अंगातले कपडे पलंगावर टाकायचा, हातपाय धुऊन जेवायला बसायचा. आणि मुकादमीण ताट पुढं ठेवता ठेवता रोज एकच वाक्य बोलायची, "भिवया राहिल्या." मग तो उपरण्याच्या टोकानं भिवया पुसायचा आणि जेवायला लागायचा. गेली काही वर्षं तर पुसल्यावरही तिचं समाधान व्हायचं नाही. "राहिल्याच की," म्हणायची. तो परत पुसायचा. वाद घालण्यापेक्षा पुसणं सोपं.

मागच्या वर्षापासून मुकादमिणीला वाटायला लागलं, की धूळ वाढलीय. प्रत्येक वस्तूवर एक पातळ पडदा बसलेला. आरसा पुसला तरी तसाच, घड्याळाची काच पुसली तरी तशीच. ती दिवसातनं तीन तीन वेळा घड्याळ पुसायला लागली. क्रशरवर नवं यंत्र बसवलंय आणि नवरा आपल्यापासून लपवतोय, असा तिचा पक्का संशय होता. मुकादम शपथेवर सांगायचा की यंत्र तेच आहे, जुनं, तिच्या माहितीतलं.

मग लेक आली राहायला. एक दिवस आई घड्याळ पुसते ते ती दारात उभी राहून बघत होती. बराच वेळ बघितलं तिनं.

"आई, घड्याळ स्वच्छ आहे."

"कुठं स्वच्छ आहे? धुकं आहे नुसतं."

लेकीनं आईला हाताला धरलं आणि डोळ्यांच्या डॉक्टरणीकडं नेलं. मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत. मुकादमिणीनं विचारलं, हा क्रशरच्या धुळीनं झाला का? डॉक्टरीण म्हणाली, हा वयानं होतो. मुकादमिणीनं मान हलवली, पण वयाला एवढं जमेल यावर तिचा विश्वास बसला नाही.

डॉक्टरणीनं सांगितलं, आधी डावा करू, तो नीट बरा झाला तरच उजव्याला हात लावू. ऑपरेशननंतर वाकायचं नाही, उचलायचं नाही, झाडू हातात धरायचा नाही, तोंडावर पाणी नाही, थेंब वेळच्या वेळी. आणि धूळ तर अजिबात नाही, जखम ओली असते, कचरा जाऊन पिकली तर डोळा जातो.

"घर कुठं आहे तुमचं?"

"खडी क्रशरच्या समोर," मुकादमीण म्हणाली.

डॉक्टरणीनं पेन खाली ठेवलं.

लेक म्हणाली, मी घेऊन जाते आईला. मुकादमीण म्हणाली, मी इथनं हलले तर परत आल्यावर घराचं दार खणून काढावं लागेल. दोघींची घरी आल्यावरही जुंपली. शेवटी लेकीनं बापाला समोर बसवलं आणि ठरवून टाकलं. आई इथंच राहील, पण घर बाबा ठेवतील. एक कण जरी डोळ्यात गेला, तर त्याच दिवशी आईला उचलून नेणार आणि दुसरा डोळा झाल्याशिवाय परत आणणार नाही. आणि तो डोळाच गेला, तर मग कुणाला काय सांगायचं ते बाबांनी आत्ताच ठरवून ठेवावं.

मुकादमानं सुटी मागितली. त्यानं आजवर कधी सुटी मागितली नव्हती, त्यामुळं मालकानं आधी कोण गेलं म्हणून विचारलं.

कामाला लागला, तेव्हा पहिल्याच सकाळी त्यानं सांगून टाकलं, "मला धुळीचं शिकवू नकोस. मी धुळीतच म्हातारा झालोय."

"त्यात म्हातारं होणं वेगळं आणि ती काढणं वेगळं," मुकादमीण म्हणाली. "फडकं पिळा."

त्यानं पिळलं. तिनं फडकं हातात घेऊन अंगठ्यानं दाबलं आणि परत दिलं. "अजून."

असं सुरू झालं. कपाट ओढलं की मागं भिंत, भिंतीला खिळा, खिळ्याला चौकट, चौकटीच्या वरच्या काठावर धूळ. पलंग उचलला की खाली पत्र्याची पेटी, पेटीखाली विटा, विटांखाली धूळ. मुकादमाला वाटलं होतं, घर म्हणजे चार भिंती. आता कळलं की घर म्हणजे नुसते काठ. आणि सगळं पुसून टेकावं तर दुपारी सुरुंग. खिडक्या थरथरणार, आणि पुसलेल्या टेबलावर बोटानं नाव लिहिता येईल इतकं परत जमणार.

"हे रोज असंच असतं?" त्यानं एकदा विचारलं.

"आज कमी आहे," मुकादमीण म्हणाली.

त्याच्या डोक्यात चक्र फिरायला लागलं. फडक्यानं पुसणं हे त्याला चिमटीनं डोंगर हलवल्यासारखं वाटत होतं. क्रशरवर भुकटी फारच उठली की काय करतात? पाणी मारतात. पंप लावायचा, पाइप धरायचा, पाणी मारलं की भुकटी खाली. साधी गोष्ट. बायकांना हे सुचत नाही याचं त्याला नवल वाटलं.

मुकादमीण दुपारची पडली होती, तेव्हा तो क्रशरवरचा फवारणीचा पंप घेऊन आला. बाहेरच्या भिंती, पडवी, पन्हाळ, खिडक्यांच्या वरखाली होणाऱ्या पट्ट्या, जाळ्या, सगळ्यांवर त्यानं पाणी मारलं. पट्ट्यांच्या फटीत वर्षानुवर्षांची भुकटी होती, ती भिजून गप्प झाली. हवा एकदम थंड आणि स्वच्छ झाली. मुकादमीण उठून आली तेव्हा तो पंपाला टेकून उभा होता.

"बघ. हवेत एक कण नाही."

मुकादमिणीनं खिडकीच्या पट्टीवरून बोट फिरवलं. बोट अंगठ्यावर घासलं.

"हा चिखल आहे."

"वाळला की जाईल."

"वाळला की येईल," मुकादमीण म्हणाली आणि खुर्चीत जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी तो चिखल वाळला. दगडाची भुकटी ती, पाणी प्यायली आणि गिलाव्यासारखी घट्ट झाली. पट्ट्या वर होईनात, खाली होईनात. जाळीची भोकं लिंपली गेली. मुकादमानं पत्र्याच्या तुकड्यानं खरवडून बघितलं. थोडं निघालं, बाकीचं सैल होऊन तसंच लटकत राहिलं. उद्या बघू, म्हणाला.

थेंब टाकायचं कामही त्याच्याकडंच होतं. हे मात्र तो मन लावून करायचा. हात साबणानं कोपरापर्यंत धुवायचा, नखं बघायचा, परत धुवायचा. बोटांच्या भेगांत भुकटी मुरलेली होती, ती धुऊन जाण्यातली नव्हती. म्हणून तो बोटांना स्वच्छ कापडाची चिंधी गुंडाळायचा आणि मगच पापणीला हात लावायचा. उजेड हवा म्हणून खुर्ची खिडकीशी ओढायचा. मुकादमीण चष्मा काढून मान मागं टाकायची आणि तो श्वास रोखून थेंब सोडायचा.

त्या दुपारी तिनं मान मागं टाकली, त्यानं चिंधीनं पापणी वर धरली, आणि डोंगरात सुरुंग उडाला. रोजचाच. खिडकी रोजच्यासारखी थरथरली. पट्ट्यांत लटकलेला तो वाळका गिलावा एका दमात फुटला आणि दोघांच्या डोक्यावर आला.

"डोळ्यात काहीतरी गेलं," मुकादमीण म्हणाली. दूध उतू गेलं हे सांगावं तसं म्हणाली.

मुकादमाच्या हातातनं बाटली पडली. नुसता उभा राहिला, हात तसाच वर धरून.

"चोळायचं नाही," मुकादमीण म्हणाली, त्याला की स्वतःला ते कळलं नाही. "चष्मा द्या. आणि गाडी बघा."

गाडी कुठली मिळणार. वळणावर रिकामा डंपर गिअर बदलत होता, तो मुकादमानं आडवा होऊन थांबवला आणि उलटा वळवून घेतला. ड्रायव्हर ओळखीचा. मुकादमिणीला दोघांनी मिळून वर बसवलं. जन्मभर ज्याला शिव्या घातल्या त्या डंपरात ती पहिल्यांदाच बसली होती. चष्म्यावर ओलं फडकं धरून ती ताठ बसली, आणि दोन वळणं गेल्यावर ड्रायव्हरला म्हणाली, "समोरची काच कधी पुसली होती?" ड्रायव्हर म्हणाला, काकू, आठवत नाही. "तेच म्हणते," ती म्हणाली.

डॉक्टरणीनं डोळ्यावर दिवा धरला आणि बराच वेळ काढला नाही. मुकादम कोपऱ्यात उभा होता. बसायला सांगितलं तरी बसला नाही, त्याच्या कपड्यांनी खुर्ची खराब होईल म्हणाला. हे तो आयुष्यात पहिल्यांदा म्हणत होता.

डॉक्टरणीनं दोन कण काढले. वरवरच बसले होते, जखमेत गेले नव्हते. डोळा लाल झाला होता, पण शाबूत होता. ते कण तिनं कापसावर घेऊन बघितले.

"हे काय आहे? सिमेंट?"

मुकादम पुढं झाला, वाकून बघितलं. "नाही. आमचीच भुकटी आहे. बारीक खडीची."

"परत असं झालं तर माझ्या हातात काही राहणार नाही," डॉक्टरीण म्हणाली. ती त्याच्याकडं बघून म्हणाली, मुकादमिणीकडं नाही.

घरी आल्यावर मुकादम उंबऱ्याबाहेर उभा राहिला. आत यावं की नाही हे त्याला ठरवता येईना.

"लेकीला सांगायचं का?" त्यानं विचारलं.

"सांगितलं तर ती घेऊन जाईल."

"मग?"

"मग नीट शिका," मुकादमीण म्हणाली. "आधी अंगातले कपडे बाहेर काढा."

ही गोष्ट ती लग्नापासून सांगत आली होती. त्या दिवशी त्यानं कपडे अंगणातच काढले, नळाखाली डोक्यासकट अंग धुतलं आणि मगच उंबरा ओलांडला. त्यानंतर तो रोज तसंच करायला लागला. शेजारची शिंपीण त्या वेळेला पाठ करून बसायची.

खिडक्यांच्या पट्ट्या त्यानं एकेक करून काढल्या, अंगणाच्या टोकाला नेऊन धुतल्या, उन्हात वाळवल्या. फडकं पिळायला शिकला. घडी उलटायला शिकला. वरून खाली यायला शिकला, आणि फडकं घासायचं नसतं, टेकवायचं असतं, हेही. मुकादमीण कानानं ऐकत बसायची. घासल्याचा आवाज आला की खुर्चीतून म्हणायची, "उचला." तो उचलायचा.

सुटी संपली तसा तो कामावर गेला. आता इथं एक गोष्ट सांगायला हवी.

क्रशरच्या तोंडाशी, जिथं दगड फुटून सरकत्या पट्ट्यावर पडतो, तिथं पाण्याचे फवारे बसवलेले होते. अगदी सुरुवातीपासून होते. तपासणीवाले साहेब आले की ते चालू व्हायचे, साहेब गेले की बंद. चालू ठेवले की भुकटी तिथंच बसते हे खरं, पण ओली भुकटी पट्ट्याला चिकटते, चाळण्या बुजतात, माणसांना लोखंडी सळई घेऊन सारखं ठोकत बसावं लागतं आणि माल कमी पडतो. त्यामुळं फवाऱ्याच्या कॉकला पेटी होती, पेटीला कुलूप होतं आणि कुलपाची पितळी किल्ली मुकादमाच्या खिशात. फवारे शोभेचे आहेत, असं मालकाला पटवून देणाराही तोच.

कामावर गेला त्या सकाळी मुकादमानं पेटी उघडली आणि कॉक फिरवला. तासाभरात पट्टा चिकटला. पोरांनी सळया हातात घेतल्या आणि मुकादमाच्या नावानं पुटपुटायला लागले. मालक आला.

"कोण साहेब आलाय?"

"कुणी नाही."

"मग पाणी कशाला?"

"बायकोच्या डोळ्याचं काम आहे."

मालकानं जरा विचार केला. "कुठला डोळा?"

"डावा."

"उजवा चांगला आहे ना?"

"तो नंतर करायचाय."

प्रकरण लांबचं आहे हे मालकाच्या ध्यानात आलं. पण या मुकादमाशिवाय त्या यंत्राचा आवाज कुणाला कळत नव्हता, हेही त्याला ठाऊक होतं. दोन्ही डोळे होईपर्यंत चालू दे, म्हणाला, आणि पायाखालचा चिखल चुकवत गाडीकडं गेला.

इकडं मुकादमीण खुर्चीत बसून होती. दुपारी सुरुंग उडाला. तिनं चहा ओतला, प्यायली, आणि सवयीनं खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवलं. काही लागलं नाही. थोड्या वेळानं परत फिरवलं. लागलं, पण नावापुरतं. तिनं बोट नाकाशी नेलं. जात डोंगराचीच होती, पण अंगात जोर नव्हता.

संध्याकाळी मुकादम आला. अंगणात कपडे काढले, अंग धुतलं, आत आला, फडकं ओलं केलं.

"आज सुरुंग बारीक होता का?" तिनं विचारलं.

"नाही. रोजचाच."

"मग धूळ कुठं गेली?"

"फवारे चालू आहेत."

"कसले फवारे?"

त्यानं सांगितलं. फार लांबवून नाही सांगितलं, पण पेटी आणि किल्ली सांगताना मध्ये कुठं वळणही घेतलं नाही.

मुकादमीण काळ्या चष्म्यातून त्याच्याकडं बघत राहिली. ती पितळी किल्ली तिला चांगली ठाऊक होती. कपडे धुवायला घेतले की नवऱ्याच्या खिशातनं ती किल्ली काढायची, तिच्यावरची भुकटी पुसायची आणि दाराशी खिळ्याला अडकवायची. दर धुण्याला. कुठली म्हणून कधी विचारलं नव्हतं. पुसून मात्र नीट ठेवली होती.

"म्हणजे ते चालू होत होते," ती म्हणाली.

"होत होते."

"पहिल्यापासून."

मुकादमानं हातातलं फडकं पिळलं. आधीच पिळलेलं होतं, थेंब पडला नाही. तरी पिळत राहिला.

"बरं," मुकादमीण म्हणाली.

त्या संध्याकाळी ती जेवताना एक शब्द बोलली नाही. भिवया राहिल्या, हेसुद्धा म्हणाली नाही. मुकादमानं आपण होऊन उपरण्यानं पुसल्या. पुढं कितीतरी दिवस ती कामापुरतंच बोलायची, "वर", "मागं", "उचला" एवढंच. ती सांगेल तिथं तो फडकं टेकवायचा. थेंबाची वेळ कधी चुकली नाही. धूळ कमी झाली होती, गेली नव्हती, कारण रस्त्याची होती तशीच होती आणि तिला बसवणारी किल्ली कुणाच्या खिशात नव्हती.

तपासणीचा दिवस आला. लेकही आली. डॉक्टरणीनं दिवा धरला, अक्षरं वाचायला लावली, आणि डोळा छान झालाय म्हणाली. घरात आता काळा चष्मा नको. हलकी कामं करायला हरकत नाही, फक्त अजून वाकू नका. लेकीनं बापाकडं बघून मान हलवली, बापानं जमिनीकडं बघितलं. डॉक्टरणीनंही त्या कणांचा विषय काढला नाही. लेक तिथूनच आपल्या गाडीला गेली.

घरी येऊन मुकादमिणीनं चष्मा काढला.

खोलीची भिंत निळी होती. ती राखाडी आहे, असं तिनं कधीचं धरून चालवलं होतं. घड्याळ टकटकीत होतं. टेबल, खुर्ची, पलंगाचे पाय, कपाट, सगळं पुसलेलं, घड्या उलटून पुसलेलं, हे तिला एका नजरेत कळलं. मुकादम दाराशी उभा होता. क्रशरवर साहेब येतात तेव्हा उभा राहतो तसा.

मग तिची नजर वर गेली. पंख्याच्या पात्यांची वरची बाजू. दाराच्या चौकटीचा माथा, तिथं धूळ अशी जमली होती की घोंगडीसारखी उचलता आली असती. छताच्या कोपऱ्यात जळमट, त्यात जळमट करणारा कधीचाच मरून वाळलेला. मुकादमाचा चेहरा उतरला.

"ते माझं राहिलं," तो म्हणाला.

"एवढं एका महिन्यात साठत नाही," मुकादमीण म्हणाली. "ही माझ्या वेळची आहे."

तिनं खिळ्यावरचं फडकं घेतलं, ओलं केलं, पिळलं. मग नवऱ्याकडं वळली आणि थांबली. जवळ गेली. फडक्याचं टोक बोटाला गुंडाळलं आणि त्याच्या उजव्या भिवईवर टेकवलं, उचललं. घडी उलटली, परत टेकवलं. भिवई होती तशीच पांढरी. डावीवर टेकवलं. तीही तशीच.

"निघत नाही," ती म्हणाली.

"ती धूळ नाही."

"कधीपासून?"

"झाली बरीच वर्षं."

"मी रोज पुसायला सांगायचे."

"मी पुसायचो," मुकादम म्हणाला.

मुकादमिणीनं फडक्याचं टोक उलटून बघितलं. कोरंच होतं. बाहेर क्रशरचा भोंगा झाला, दुपारच्या पाळीचा. मुकादमानं दाराशी खिळ्यावरची किल्ली घेतली आणि खिशात टाकली.

"फवारे चालू आहेत ना?" तिनं विचारलं.

"आहेत. मालक म्हणालाय, दोन्ही डोळे होईपर्यंत."

मुकादमीण चौकटीच्या माथ्याकडं बघत होती. "मग डॉक्टरणीला म्हणावं, उजव्याची काही घाई नाही."

मुकादम उंबऱ्यावर थांबला. "किती दिवस?"

"दिसतंय की एकानं," ती म्हणाली. "जाताना तेवढं स्टूल ठेवा इथं. आणि खालचं सगळं तुमचं. मला वाकायला मनाई आहे, वर बघायला नाही."

त्यानं स्टूल ठेवलं, हलतंय का ते दाबून बघितलं, आणि पायाखाली लाकडाची चिप सारून तो कामावर गेला. वळणावर रिकाम्या डंपरनं गिअर बदलला. मुकादमिणीनं दार ओढून घेतलं, फडकं आणखी एकदा पिळलं, आणि चौकटीच्या वरच्या काठापासून सुरुवात केली.